थांबवलेलं चित्र

बाबांच्या निवृत्तीच्या समारंभाचा व्हिडिओ मोबाइलवरून टीव्हीवर लावला की अडखळायचा. म्हणून मी तो पेनड्राइव्हवर घेतला, टीव्हीच्या मागे खोचला आणि आईशेजारी सोफ्यावर बसले. चित्र इतकं लख्ख आलं, की बाबांच्या शर्टाचं तुटकं बटणसुद्धा दिसलं. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

आई चष्मा काढून डोळे पुसू लागली, तसं मी चित्र थांबवलं.

"थांबवलंस ना गं?" चष्मा परत लावत तिने विचारलं.

"हो."

"मग हे कसे हलतायत?"

भाषण करणाऱ्या साहेबांचं तोंड उघडंच राहिलं होतं. टाळ्यांचे हात हवेत थबकले होते. बाबा मात्र खुर्चीत चुळबुळत होते, घरी जायची घाई झाल्यासारखे.

मी उठून पेनड्राइव्ह उपटला आणि आईला बिलगून बसले. चित्र गेलं नाही.

बाबा उठले. दोन रांगांमधून अंग चोरत पुढे आले, मोठे होत गेले आणि पडद्याच्या कडेने बाहेर पडले. मागे त्यांची खुर्ची रिकामी राहिली.

"किती वेळ लावलात," आई म्हणाली आणि सवयीने, एका माणसापुरती, माझ्यापासून सरकली.

आमच्या दोघींमधली गादी हळूहळू दबत गेली.