कुंपणावरची करटुली

"ह्या फोटोत नुसती माणसंच हायत की. वेल कुटं हाय?" धुळाप्पा वैद्यानं भिंग खाली ठेवलं.

महिपतीची मान वर होईना. घरची अब्रू पिशवीत घालून सोलापुरात, सात रस्ता चौकात वैद्याच्या दारी यावं लागलं होतं. बायकोला माहेरी धाडल्यापासून घर खायला उठलं होतं.

धाकट्या बहिणीला, कस्तुराला, बघायला पाहुणे आलेले. मुलगा बिजवर, पण सोलापूरच्या गिरणीत जॉबर, कामगारांचा मुकादम! असं स्थळ दारात चालून येतं होय? महिपतीनं बहिणीला रुंद काठाचं नवं इरकल लुगडं घेतलं. मुलाला रजा मिळेना, म्हणून त्याच्या मामानं फोटोवालाच आणला. फोटो झाले, पंगत बसली, अन् करटुल्याच्या भाजीनं घात केला. कडू जहर! घटकाभरात सगळी पंगत अंगणात ओकायला लागली. कस्तुराचा मंगळवारचा उपास, म्हणून देवीनं तिला तेवढी राखली. स्थळ मोडलंच, वर गावात शोभा झाली.

"करटुली कुणी तोडली?" महिपती गरजला.

"म्या," बायको वच्छला म्हणाली. 

त्यानं तिला त्याच पावली माहेरी, नातेपुत्याला धाडलं. गाडी हलली तेव्हा सगळ्यांत जास्त रडली ती कस्तुरा.

परवा मेव्हण्याचा निरोप आला, "माझी भण रानात वाढलीया, ती चुकायची न्हाय. वेल वैद्याला दावा." पण वेल आईनं कधीच उपटून जाळली होती. उरले दोन फोटो.

महिपतीनं दुसरा काढला. फोटोवाल्यानं पंगतीआधी, कॅमेऱ्यातल्या एका उरलेल्या काचेवर नुसत्या घराचा टिपलेला.

वैद्यानं भिंग फिरवलं. "ही करटुली न्हवं, कुकडवेल. वांतीची कडू वेल. करटुल्याचं काटं आखूड, मऊ. हिचं बगा, कसं लांब हायत."

म्हणजे चूक वच्छलाचीच. आता कुठल्या तोंडानं तिला आणायची? महिपतीला मेल्याहून मेल्यागत झालं.

"वेल म्या वळकली," वैद्यानं भिंग पुढं केलं. "तोडणारी तुमी वळका."

कुंपणापाशी एक बाई पाठमोरी वाकली होती. ओट्यात काटेरी फळं. महिपतीनं भिंग जवळ नेलं.

अंगावर रुंद काठाचं नवं इरकल होतं. कस्तुराचं.