आधीच केलेली खूण

"मी हातही लावला नव्हता," अनंतराव म्हणाले. "त्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली होती."

पूर्णिमा उभ्यानेच माउस फिरवत होती. धायरीहून रविवारी वडिलांकडे कर्वेनगरला यायचं आणि त्यांचा कंप्युटर साफ करून परत जायचं, हे गेले काही महिने ठरूनच गेलं होतं. या वेळी त्यांनी कॅसेटवरचा आवाज कंप्युटरमध्ये भरून घेणारा एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवला होता. त्याच्या पाठोपाठ, त्या आधीच केलेल्या खुणेच्या परवानगीने, आणखी चार आगंतुक प्रोग्रॅम घरात शिरले होते. पडद्याच्या डोक्यावर तीन पट्ट्या, कोपऱ्यात पोट कमी करण्याच्या जाहिराती, मधूनच उघडणाऱ्या चौकटी.

तिला शिसारी आली. मोरीत तुंबलेलं खरकटं बोटांनी काढावं तशी ती एकेक गोष्ट उपटत होती. कुठली कुठे दडते, ते तिला नेमकं ठाऊक होतं.

"तीस वर्षं मुद्रितशोधन केलंत, बाबा. स्वल्पविराम सुटला तर तुम्हाला जेवण जायचं नाही. आणि एवढी खूण दिसली नाही?"

"दिसावी म्हणून ठेवली असती तर दिसली असती. राखाडीवर राखाडी! कोण करतं गं हे?"

"करतं कोणीतरी."

"त्याचा पत्ता काढून दे. पोस्टकार्ड टाकतो एक."

महापालिका, दूध डेअरी, वर्तमानपत्राचा संपादक, अनंतरावांच्या पोस्टकार्डातून कोणी सुटलं नव्हतं. लाल शाईत चार-पाच ओळी, एकही शिवी नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र झोप लागायची नाही.

"अशा लोकांना पत्ते नसतात," पूर्णिमा म्हणाली.

शेजारच्या सरोजिनीबाई दारातूनच डोकावल्या. "आमच्याकडेही घुसलंय हो ते. तुम्हीच म्हणालात ना, फुकट आहे म्हणून?"

"फुकट आहे म्हणालो. चांगलं आहे असं कुठे म्हणालो?"

त्या हसत गेल्या. अनंतरावांनी खुर्ची पुढे ओढली. "आता हे ऐक."

पूर्णिमा हॉस्टेलवर गेली तेव्हा आईने कटाची आमटी कशी करायची ते कॅसेटवर बोलून पाठवलं होतं. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचा आवाज असलेली ती एकच कॅसेट. कंप्युटरमध्ये भरून घेताना जुनी फीत कशीबशी एकदा चालली आणि संपता संपता टेपमध्ये गुंतून तिच्या चिंध्या झाल्या.

आईचा आवाज आला. "पूर्णिमा, गूळ अगदी शेवटी घालायचा हं. आणि उकळी आली की..."

"काँग्रॅच्युलेशन्स!" एक बाई किंचाळली. "यू आर अवर लकी विनर!"

जाहिरात मध्येच उघडली होती आणि तिचा आवाजही त्यातच भरला गेला होता. आईचं पुढचं वाक्य त्याखाली दबून गेलं होतं.

"हे काढता येईल?" अनंतरावांनी विचारलं.

पूर्णिमाने आवाज बंद केला. "बघते," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. चहा तसाच राहिला.

बुधवारी तिच्या हडपसरच्या ऑफिसात केक कापला. एक कोटी कंप्युटरांचा आकडा पार झाला होता. टाळ्या चालू असतानाच तिचा फोन वाजला. हॉस्पिटलात पोचली तेव्हा तिच्या बोटांना क्रीम तसंच चिकटलेलं होतं, आणि अनंतराव गेले होते.

दिवसकार्य आटोपल्यावर ती वडिलांच्या कंप्युटरपुढे बसली. त्यांच्या खुर्चीवर नाही. शेजारी स्टूल घेऊन. ते वाक्य तिने पुन्हा पुन्हा लावलं. किंचाळी कापली की आईही कापली जायची.

सरोजिनीबाई आत आल्या. हातात पोस्टकार्ड होतं.

"मंगळवारी देऊन गेले होते गं. म्हणाले, पत्ता पूर्णिमा सांगेल, मग तेवढं पेटीत टाका. या गडबडीत राहूनच गेलं."

लाल शाई. ओळखीचं अक्षर.

'स. न. वि. वि. आपल्या चौकटीतला मजकूर दोनदा तपासला. मुद्रणदोष एकही नाही. काम करणारी व्यक्ती हुशार आहे. मात्र खूण वाचणाऱ्याने करायची असते, लिहिणाऱ्याने नव्हे. माझ्या पत्नीचे एक वाक्य आपल्याकडे राहिले आहे. जमल्यास परत करावे. आपला, अनंत मेहेंदळे.'

पत्त्याची जागा कोरी होती.

पूर्णिमाने टेबलावरचं त्यांचंच लाल पेन उचललं. काहीही न शोधता, कुठेही न अडखळता तिने लिहिलं. इमारतीचं नाव, चौथा मजला, हडपसर, पिन कोड. मग वरच्या मोकळ्या ओळीत नाव लिहिलं.

सरोजिनीबाईंनी चष्मा सारखा करून वाचलं. "अगं, हे तर तुझंच नाव!"

पूर्णिमा रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "ती खूण मी केली होती."