हॉर्न वाजवायचा नाही

"थांबवा! बस आली हे आम्हाला कळायचं कसं, आधी मला उत्तर द्या," म्हणत कासारकाकू डब्याची पिशवी उंचावून बससमोर रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

उत्तर आम्हा सगळ्यांनाच हवं होतं. हवेतला कार्बन कमी करायचा म्हणून नगरपालिकेनं डिझेलच्या बस काढून विजेच्या आणल्या होत्या. जुनी बस चौकातला चढ चढू लागली, की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आमची अख्खी आळी चपला घालायची. नवी आली कधी, गेली कधी, कळायचंच नाही. आठवडाभर सगळ्यांची बस चुकत होती. काकू शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांना उशीर झाला, की पोरं ताटं घेऊन बसून राहायची.

"काकू, उद्यापासून वळणावर जोरात हॉर्न वाजवतो," ड्रायव्हर मुजावर म्हणाले.

काकू काही बोलणार, तोच वरच्या खिडकीतून त्यांची लेक डोकावली. बाळंतपणाला माहेरी आलेली. ओठांवर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "आई, ओरडू नकोस. झोपलाय." बस सुरू असूनही आम्हाला खाली ते स्पष्ट ऐकू आलं.

काकूंनी उंचावलेली पिशवी खाली घेतली. जुन्या बसच्या आवाजानं ते बाळ रोज दचकून उठायचं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं रडायचं. आठवडाभर ते रडणंही बंद होतं, हे आमच्या आत्ता ध्यानात आलं.

"हॉर्न वाजवलात तर बघा!" काकू कुजबुजल्या आणि बसमध्ये चढल्या.

आता बसची चाहूल कुणीच घेत नाही. काकू घड्याळ बघून पिशवी घेऊन निघाल्या, की आळी चपला घालते.