वळणावरचा नवस

"अहो, वाऱ्याकडून पेटवू नका, विझेल. इकडून या," एर्मेलिंदा म्हणाली.

बाईने मेणबत्ती आडोशाला धरली. ज्या वळणावर मोटारीने यर्कोला सायकलसकट उडवलं, तिथेच एर्मेलिंदाने त्याची अनिमिता बांधली होती. पत्र्याच्या छपराचं, गुडघाभर उंचीचं घरकुल, आत त्याचा फोटो. रस्त्यात अवचित गेलेला जीव मागितलेलं देतो, म्हणून कुरेप्तोला जाणारी अनोळखी माणसंही थांबत. नवस फळला की आभाराची पाटी सिमेंटने बसवून जात. ट्रकवाले नुसता भोंगा वाजवत.

ही बाई हल्ली दर रविवारी यायची. लांबून, चांगल्या घरातली. तांबडी कार्नेशनची फुलं आणायची. तिच्या पर्समध्ये फोन वाजत राहायचा, ती हात लावायची नाही.

"घ्या की."

"नको. मला तो आवाजच सोसत नाही."

"मलाही," एर्मेलिंदा म्हणाली. "काय मागता ह्याच्याकडे?"

"मुलगा घरी यावा. दुसरं काही नाही."

"दुखणं मोठं आहे का?"

बाई फोटोकडे बघत राहिली. "माणसांच्या हातातलं राहिलं नाही."

"मग ह्यालाच सांगा. जिवंतपणी पाण्याची बादली उचल म्हटलं तर ऐकायचा नाही माझा लेक. मेल्यापासून कुणाला नाही म्हणत नाही."

मेणबत्ती कलली. मेण बाईच्या बोटांवर सांडलं. "तुम्ही आई त्याची?"

"मग ही धूळ पुसायला दुसरं कोण येणार, बाई?"

बाई रडायलाच लागली. एर्मेलिंदाने थर्मासातला चहा तिच्या हातात दिला आणि शेजारी गुडघे टेकले.

तिलाही यर्कोकडे मागायचं होतं. बुधवारी निकाल होता. कोर्ट दूर, सुनावणी तिने वकिलाच्या फोनवर पाहिलेली. छोट्याशा चौकटीत तो मोटार चालवणारा बास्तियान, मान खाली घातलेला. वकील म्हणाला होता, नव्या कायद्याने गाडी चालवताना फोन हातात घेणं हाच गुन्हा. आणि ह्याच्या फोनवर तर निरोप अर्धा लिहिलेला सापडला, 'आई, भात टाक, मी'. आणखी काय पुरावा हवा?

"यर्को, माझं राहू दे," ती मोठ्याने म्हणाली. "माझं काम कायदा करील. तू आधी हिचं कर."

बाईने तिचा हात घट्ट धरला. मग चटका बसल्यासारखा सोडला.

बुधवारी न्यायाधीशांनी सांगितलं, पोलिसांनी कोर्टाचा हुकूम नसताना फोन उघडला, म्हणून तो निरोप पुरावा धरता येत नाही. बास्तियान सुटला. वकील बराच वेळ काहीतरी समजावत होता. एर्मेलिंदाने चुलीवरचे घेवडे उतरवले आणि तसेच झाकून ठेवले.

रविवारी तिचे पाय वळणाकडे निघेनात. लेकाला काय सांगणार? तरी गेली.

घरकुलाच्या भिंतीला नवी संगमरवरी पाटी होती. सिमेंट अजून ओलं, खाली ताजी तांबडी कार्नेशन. म्हणजे त्या बाईचा मुलगा आला घरी. चला, कुणाचं तरी ऐकलं पोराने, असं वाटून तिला त्या आठवड्यात पहिल्यांदा जरा बरं वाटलं. तिने ॲप्रनच्या टोकाने पाटीवरची धूळ पुसली.

'यर्को, माझा बास्तियान घरी आला. तुझे आणि तुझ्या आईचे उपकार.'