तुल्साहून निघालेलं विमान

ल्युडीनला ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हाही ती कॉलेजच्या फुटबॉल कोच हॅगुडच्याच नावानं खडे फोडत होती.

"चार यार्ड. फक्त चार यार्ड पुढे सरकायचं होतं, आणि हा माणूस बॉल लाथाडून समोरच्यांना देऊन टाकतो," चाकाच्या पलंगावरून ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्याच तालुक्यातला तो धिप्पाड पोरगा शेजारच्या कॉलेजनं पळवला, याला पत्ताच नाही. रविवारी हाकलला ते बरं झालं. मला जाग येईल तेव्हा नवा कोच ठरलेला हवा, थर्मन."

"ठरेल," थर्मन गॅडिस म्हणाला.

"नाही ठरला तर उठणारच नाही मी."

"उठशील. नव्यालाही नावं ठेवायची असतील ना."

ती हसली. दार बंद झालं.

सात महिने ती नव्या हृदयाच्या यादीत होती. आज सकाळी दवाखान्यातून फोन आला, मिळालंय, लगेच या. काढलेलं हृदय जेमतेम चार तास टिकतं, तेवढ्यात ते बसायला हवं, हे थर्मनला दोनदा समजावून सांगितलं होतं. त्यानंतर त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. कॉफीचा कप होता, तोही गार झालेला.

त्यानं फोन उघडला.

कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांची एक साइट होती आणि तिथे बाराही महिने भांडणं चालत. थर्मन तिथे 'पोस्टमन' म्हणून प्रसिद्ध होता, कारण तीस वर्षं त्यानं टपाल वाटलं होतं. कोच काढला की कॉलेजचे क्रीडा संचालक नव्याला आणायला गुपचूप विमान पाठवत. थर्मन तेव्हा उडती विमानं दाखवणाऱ्या नकाशासमोर ठाण मांडून बसे. कुठलं विमान कुठून उडालं, कुठे उतरणार. मागचे तिन्ही कोच त्यानं वर्तमानपत्रांच्या आधी सांगितले होते.

"पोस्टमन, आहेस का?" कुणीतरी लिहिलं होतं. "तुल्साहून एक छोटं जेट आपल्याकडे निघालंय. मालकाचं नाव लपवलंय. कोच ट्वीडी तुल्सालाच राहतो."

"ट्वीडी नको रे बाबा. त्याचा बचाव म्हणजे चाळण."

"हॅगुडपेक्षा माझी आजी परवडली. ट्वीडी चालेल."

"पोस्टमन बोलला तरच खरं मानू."

थर्मननं नकाशा पाहिला. सरळ रेघ, मधे थांबा नाही. त्याच्या हातांना काहीतरी काम हवं होतं. त्यानं लिहिलं, "ट्वीडीच. अकराला उतरेल."

थोड्या वेळानं फोटो यायला लागले. गावाबाहेरचा एवढासा विमानतळ, त्याच्यासमोर ट्रकच ट्रक, बापांच्या खांद्यांवर बसलेली पोरं. एकानं तर ट्रकमागे शेगडी मांडून सॉसेज भाजायला घेतले होते. दोन पदरी रस्ता पार हमरस्त्यापर्यंत तुंबला होता. थर्मनला जरा बरं वाटलं. ल्युडीनला दाखवायला म्हणून त्यानं दोन फोटो जपून ठेवले.

साडेदहाला टॉनेट नावाची नर्स बाहेर आली.

"मिस्टर गॅडिस, आतली सगळी तयारी झालीय. अर्ध्या तासात विमान उतरेल, मग अँब्युलन्सनं वीस मिनिटं. काळजी करू नका."

"विमान कुठून येतंय?"

"तुल्साहून."

थर्मन उठला आणि परत बसला. मग त्यानं फोन तिच्यापुढे धरला. टॉनेटनं फोटो पाहिले, वरचं लिहिलेलं वाचलं.

"अहो, हे काय केलंत," ती हळूच म्हणाली आणि धावत आत गेली.

थर्मननं लिहिलं, "मंडळी, मी चुकलो. त्या विमानात कोच नाही. माझ्या बायकोसाठी हृदय येतंय. हात जोडतो, रस्ता मोकळा करा."

"संचालकांनी पढवलेलं दिसतंय."

"म्हणजे ट्वीडी नक्की."

"थापच मारायची तर बायकोला तरी मधे आणू नको, पोस्टमन."

"आणि खरं असेल तर?" एका बाईनं विचारलं.

"खरं असलं तरी मी हलू कसा, ताई? माझ्या मागे चारशे गाड्या आहेत."

थर्मननं समोरच्या बंद दाराचा फोटो टाकला.

"दार काय, कुणाचंही असतं," उत्तर आलं.

पावणेअकरा होत आले. पंधरा वर्षांत त्यानं या लोकांना एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. खरं सांगून कुणी जागचं हललं नाही. त्यानं डोळे मिटले, उघडले आणि लिहिलं, "बरं, पकडलंत. संचालक कुणाला सांगू नको म्हणाले होते. तुल्साचं विमान नुसती हूल आहे. ट्वीडी दुसऱ्या विमानानं कॉर्लीच्या जुन्या धावपट्टीवर उतरतोय. बारा मैल. लगेच निघालात तर गाठाल."



"मला वाटलंच होतं."

"मागच्यांनो, वळवा गाड्या. कॉर्ली."

पाठोपाठ फोटो. वळणारे ट्रक, शेगडी उचलून पळणारा माणूस, मग रिकामं मैदान आणि वाऱ्यावर उडणारे कागदी पेले. ताईनं लिहिलं, "मीही निघाले. आता कॉर्लीचा रस्ता भरत चाललाय."

थर्मननं डोकं मागे भिंतीला टेकवलं. नवा कोच आला नाही की हे सगळे त्याला आयुष्यभर लबाड म्हणणार होते. म्हणोत. इथला रस्ता मोकळा झाला होता.

अकराला पाच कमी असताना दार उघडलं. टॉनेट या वेळी हसत होती.

"जमलं बाई एकदाचं. पोलीस म्हणाले, विमानतळावरची गर्दी हटवायला दोन तास लागतील. मग डॉक्टरांनी थेट पायलटलाच कळवलं, तिथे उतरूच नका. विमान वळवलं, अँब्युलन्सही तिकडेच पाठवली."

"तिकडे म्हणजे?"

"कॉर्लीला. तिथे चिटपाखरूसुद्धा नसतं."