चांगलं पेट्रोल

"काका, तीस वर्षं महागातलं पेट्रोल घालतोय, तरी ही मोटरसायकल पळत नाही. वडील म्हणायचे, चांगलं पेट्रोल घाल, पळेल. आता लेक चालवणार आहे, एकदा बघाच."

म्हाताऱ्या मेकॅनिकनं इंजिनाचं झाकण उघडलं. "पाय बांधलेल्या घोड्याला बदाम चारून काय होणार? टायमिंग मागे ठेवलंय. ठिणगी उशिरा पडते."

"कुठल्या गाढवाचं काम हे?"

"माझंच. तुला लायसन्स मिळालं, त्याच दिवशी तुझे वडील आले होते. जरा मंद करून दे म्हणाले. लावू नीट?"

त्यानं बाहेर पाहिलं. लेक हेल्मेट घालून उभी होती.

"राहू द्या, काका."

"बाबा, पळेल ना आता?" लेकीनं विचारलं.

"पळेल की. फक्त चांगलं पेट्रोल घालत जा."