ओहोटीच्या वेळा

नाताळच्या सुट्टीत घरच्या सगळ्यांनी धावड्याहून तीन दिवस अलिबागला जायचं मी ठरवलं होतं. फक्त अण्णा तयार नव्हते. "मेंढरं कोण पाहील? अन् समुद्रातलं मला काय कळतं?" ते म्हणाले. "मेंढरांचं निमित्त कशाला? सुग्रीवभावजी हायेत की," आई हसली. "ह्यांना पाण्याचं भेव वाटतं, रेणू." मी वही उघडली. पहिल्या दिवशी ओहोटीत वाळूवरून चालत तिथल्या समुद्रातल्या किल्ल्यात जायचं होतं, म्हणून ओहोटीच्या वेळा वेबसाइटवरून उतरवून घेतल्या होत्या. बीएस्सीला शिकलेलं सांगायची संधी मी सोडली नाही. "चंद्र पाणी ओढतो, अण्णा. म्हणून भरती-ओहोटी चंद्राच्या चालीनं चालते." "वेळा वाच बरं." "सव्वीसला पावणेबारा, सत्तावीसला पावणेबारा, अठ्ठावीसला साडेबारा." अण्णांनी मला तिथंच थांबवलं. "तीस वर्षं मेंढरांमागं रानात झोपलो. चांद रोज पाऊण घंटा उशिरा उगवतो, एक दिवस चुकत न्हाई. मंग तुझं पाणी दोन दिवस एकाच वेळेला कसं उतरंल?" मी फोनवर पुन्हा पाहिलं. सव्वीसची खरी वेळ अकरा होती. मी सत्तावीसचीच ओळ दोनदा उतरवली होती. त्या वेळेनं गेलो असतो, तर परतायच्या आत वाट पाण्याखाली गेली असती. मी आकडा खोडून अकरा लिहिलं. अण्णा उठले, खुंटीवरची घोंगडी काढली अन् घडी घालून माझ्या बॅगेवर ठेवली. "मेंढरं सुग्रीव पाहील," ते म्हणाले. "तुमच्याकडं कोण पाहील?"